ब्लॉकचं बटण

माझा आवडता गेम कोणता, हे मला तन्मयने चहाचा पहिला घोट घेण्याआधीच सांगून टाकलं.

“रणभेरी. आणि का आवडतो असं विचारलं तर म्हणायचं, त्यातली माणसं आपल्या मातीतली वाटतात.”

पुण्यातल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, स्टेजच्या मागे पडदे लावून एक खोली केली होती, तिथे आम्ही बसलो होतो. बाहेर खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. तन्मय रानडे आमच्या संघाचा मॅनेजर. गेम आम्ही खेळायचो आणि आम्ही कोण आहोत हे तो ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. स्पर्धेच्या दिवशी मी जेवले नाही असं दिसलं तर स्वतःचा डबा पुढे करायचा. पण लोकांना काय आवडतं हे आपल्याला आईच्या पोटात असल्यापासून कळतं, असा त्याचा समज होता, आणि त्यापुढे तो कुणाचं ऐकत नसे.

रणभेरी हा आमच्या प्रायोजक कंपनीचा नवा फायटिंग गेम. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एक आडवा होईपर्यंत हाणामारी करतात, एवढीच त्याची गोष्ट. त्याची पहिली मोठी स्पर्धा बँकॉकला होणार होती. आमच्या संघातून एकाच खेळाडूला जायचं होतं आणि माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. जवळजवळ म्हणजे, आज चाहत्यांच्या प्रश्नांना ठरल्याप्रमाणे उत्तरं दिली तर. कंपनीची माणसं पहिल्या रांगेत बसणार होती.

“दुसरा प्रश्न, कुणी शिकवलं,” तन्मय म्हणाला. “ते तर तुला पाठच आहे.”

पाठ होतंच. महिन्यापूर्वीच त्याची जाहिरात झाली होती. सोफ्यावर मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, दोघांच्या हातात कंट्रोलर, मी लहानपणी हरत्ये आणि अप्पा डोक्यावरून हात फिरवतायत असा एक तुकडा, मग मी मोठी होऊन जिंकत्ये असा दुसरा. खाली अक्षरं, ‘बाबांनी शिकवलं लढायला’. कंट्रोलर कसा धरायचा हे अप्पांना शूटिंगच्या दिवशी मीच दाखवलं होतं. त्यांनी तो उलटा धरला होता. पण जाहिरात आल्यावर गडहिंग्लजात सगळे त्यांना थांबवून विचारायला लागले आणि अप्पांनी एकालाही खरं सांगितलं नाही. पुढे पुढे तर मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. पतसंस्थेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला कडक माणूस, त्याला म्हातारपणी असा मान मिळाला. आमच्याकडे कडक म्हणजे काय, ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू यायचं.

“आणि तिसरा,” असं म्हणून तन्मयने माझ्या टी-शर्टकडे बोट दाखवलं. त्यावर छातीवर छापलं होतं, ‘ब्लॉक? तो काय असतो?’

हा टी-शर्ट त्या वर्षी कॉलेजातली निम्मी पोरं घालून फिरत होती. त्यामागची गोष्ट अशी की मी कधीच ब्लॉक करत नसे. फायटिंग गेममध्ये ब्लॉकचं एक बटण असतं. ते दाबलं की तुमचा माणूस तोंडापुढे दोन्ही हात धरतो आणि समोरच्याचा मार त्याला लागत नाही. प्रत्येक खेळाडू सगळ्यात आधी हेच शिकतो. मी ते बटण वापरत नाही, नुसती चालून जाते, हे पाहून लोक खूश व्हायचे. माझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत मी पंचाला भर सामन्यात विचारलं होतं, “ब्लॉक म्हणजे काय?” त्या वाक्यावर लोक वेडे झाले. काय तो माज, म्हणाले. तन्मयने त्याचे टी-शर्ट छापले.

“स्वभावातच माघार नाही, असं सांग,” तन्मय म्हणाला. “अप्पांची शिकवण, असंही जोड. ते समोरच असतील.”

मी मान डोलावली. मला बँकॉकला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जायचं होतं.

अप्पा आले. नवीन जॅकेट, कपाळावर भस्माच्या ताज्या रेघा, केस नीट बसवलेले. कंपनीच्या माणसांनी उठून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि माझी नजर दरवाजाकडे होती, कारण मी आणखी एका माणसाला बोलावलं होतं आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

महानंदाआत्या आली तेव्हा खुर्च्या भरत आल्या होत्या. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, हातात पुरुषी घड्याळ आणि खांद्याला एसटीच्या प्रवासाची पिशवी. मी पडद्याआडून धावत जाऊन तिला गाठलं आणि शेवटून दुसऱ्या रांगेत बसवलं. तिने एकदा पुढे बसलेल्या अप्पांच्या पाठीकडे पाहिलं आणि एकदा माझ्या टी-शर्टकडे.

“तुला कोण विचारलं, तर बापाचं नाव घे,” ती म्हणाली.

“आत्या, अगं…”

“बापाचं घे म्हंते मी. माझं घेतलीस तर तुझी ती बँकॉकची शीट जाईल. मला काय करायचंय नाव? मी पिक्चरमध्ये जाणार हाय व्हय?”

अप्पांची ही सख्खी धाकटी बहीण. दोघं एकाच गावात राहायचे आणि एकमेकांशी बोलत नव्हते. कारण आम्हाला लहानपणापासून एकच सांगितलं होतं, ती पार्लर चालवते. पार्लर म्हणजे केसांचं नव्हे. तिचा नवरा वारला तेव्हा गडहिंग्लजच्या एसटी स्टँडच्या मागे त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीन मशीन, एक पंखा, एक स्टूल. सासरच्यांनी म्हटलं, विकून टाक. आत्याने पदर खोचला आणि जाऊन कॉईनच्या डब्यापुढे बसली. दिवसभर पोरं, टवाळ, सिगरेटचा वास, आणि मधोमध आमच्या घरची विधवा बाई. सासरच्या हत्तरकींनी तिला टाकली, आम्ही माहेरच्या शिंत्र्यांनीही टाकली. गावात पुढे कितीतरी वर्षं तिला पार्लरवालीच म्हणत. ती हाक मारणाऱ्याकडे अशी बघायची की माणूस सुटे पैसे विसरून निघून जायचा.

शाळा सुटली की मी तिथे जायचे. आईला माहीत होतं, अप्पांना नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. माझ्या हाती माईक आला, टाळ्या झाल्या. पहिला प्रश्न एका जाड चष्म्यातल्या मुलाने विचारला. मी म्हटलं, रणभेरी, त्यातली माणसं आपल्या मातीतली वाटतात. पहिल्या रांगेतल्या कंपनीच्या बाईंनी मान डोलावली. दुसऱ्याने विचारलं, एका दिवसात किती वेळ सराव. तिसऱ्याने विचारलं, हरल्यावर रडू येतं का. मी सगळ्यांना हसत उत्तरं दिली. कुणी शिकवलं हा प्रश्नही आला, आणि मी अप्पांकडे हात केला. अप्पा उठून उभे राहिले, मागे वळून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. मी आत्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, सुटले.

मग एक मुलगी उठली. बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, अंगात तोच टी-शर्ट, तिच्या मापापेक्षा बराच मोठा. माईक तिने दोन्ही हातांनी धरला होता.

“मलाही फायटिंग गेम शिकायचेत,” ती म्हणाली. “पण तुमच्या बाबांनी तुम्हाला शिकवलं. माझे बाबा म्हणतात, आधी ते बंद कर. घरात शिकवणारं कुणीच नाही. मग मला कधीच नाही का येणार?”

लोक जरा हसले. प्रेमानेच हसले असतील. पण ती हसत नव्हती. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसायचं नाही, असं ठरवून ती उभी होती.

तन्मय पडद्याजवळून ओठ हलवत होता. मेहनत केली की येतं, असं काहीतरी. तेच म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. ह्या पोरीला मी सांगत होते की ज्याच्या घरी सोफा आहे आणि सोफ्यावर प्रेमळ बाप आहे, त्यानेच शिकावं.

“माझ्याही बाबांनी नाही शिकवलं,” मी म्हटलं.

अप्पा आधी हसतच राहिले, त्यांना वाटलं पुढे काही गंमत येणार.

“जाहिरात खोटी आहे. मला माझ्या आत्याने शिकवलं. महानंदा हत्तरकी. गडहिंग्लजला स्टँडमागे तिचं पार्लर होतं. आणि माझा आवडता गेम रणभेरी नाही. माझा आवडता गेम टकल्या.”

पोरं खो-खो हसली. मला आता कुणी थांबवणार नव्हतं. मी सांगितलं की गेमचं खरं नाव मला अजून माहीत नाही. मशीनवर जपानी की चिनी अक्षरं होती, गावात ती वाचणारं कोण? त्यात एक टकला पैलवान होता म्हणून आम्ही गेमला टकल्या म्हणायचो. मी सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभी राहून खेळायचे. हरलं की आत्या पुढचं कॉईन द्यायची नाही. आधी विचारायची, “कशानं मेलीस?” लाथेने मेले, हे उत्तर चालायचं नाही. कुठल्या लाथेने, तू तेव्हा कुठे उभी होतीस, त्याने लाथ मारायच्या आधी काय केलं होतं, हे सगळं सांगितल्यावर कॉईन मिळायचं. मोठ्या पोरांनाही तोच नियम. कॉलेजला जाणारे बाप्ये कॉईनच्या डब्यापुढे उभे राहून शाळेतल्यासारखे सांगायचे, काकू, मी उडी मारली आणि तो खाली बसला म्हणून मेलो.

“फायटिंग गेम असाच शिकायचा,” मी त्या मुलीला म्हटलं. “हरायचं आणि कशाने मेले ते नीट सांगायचं. स्वतःलाच सांगितलंस तरी चालेल. त्याला बाप लागत नाही.”

ती मुलगी खाली बसली. मान तिने तशीच ताठ ठेवली होती.

मग मागून एक पोरगा ओरडला, “आणि ब्लॉक? तोही आत्यानेच शिकवला नाही का?” पुन्हा हशा.

म्हटलं, आता सांगायचंच तर तेही सांगून टाकू. टकल्याच्या मशीनवर ब्लॉकचं हिरवं बटण होतं, पण ते मेलेलं होतं. माझं सगळं बालपण ते मेलेलंच होतं. दाबलं तरी काही व्हायचं नाही, म्हणून त्यावर आम्ही शेंगांची टरफलं ठेवायचो. ब्लॉक नावाची गोष्ट जगात असते हेच गडहिंग्लजच्या आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. पहिल्या स्पर्धेत समोरच्याने ब्लॉक केला, मी मारत्ये, मारत्ये आणि त्याला काही होईचना. मी हात वर करून पंचाला म्हटलं, ह्याचं मशीन बिघडलंय, माणूस मरत नाही. पंच म्हणाला, अहो, तो ब्लॉक करतोय. तेव्हा मी विचारलं, ब्लॉक म्हणजे काय.

“माज वगैरे काही नव्हता,” मी म्हटलं. “मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी माझं अडाणीपण अंगात घातलंय.”

असा हशा मी त्यानंतर कुठल्याच कार्यक्रमात ऐकला नाही. पोरं एकमेकांचे टी-शर्ट ओढून दाखवत होती. कुणीतरी ओरडलं, आत्या कुठायत, आत्यांना उभं करा. माना वळल्या. आत्या उठली नाही. पण कुणीतरी तिच्यापुढे माईक नेलाच.

“बटण बिघडलं न्हवतं,” ती माईककडे न बघता म्हणाली. “मीच वायर काढली होती.”

“का हो?”

“ब्लॉक केलं की गेम लई चालायचा. पोरं मशीनला चिकटून बसायची. वायर काढली, गेम पटापट सुटायला लागला. मला धंदा करायचा होता.”

त्यावर तर शिट्ट्या वाजल्या. मीही हसत होते. माझी सगळी कीर्ती आत्याच्या धंद्यातून आली, हे मलाही त्याच क्षणी कळलं होतं. फक्त पहिली रांग हसत नव्हती. कंपनीच्या बाई फोनवर काहीतरी टाइप करत होत्या आणि अप्पांची खुर्ची रिकामी होती.

ते मागच्या खोलीत होते.

मी पडदा सारून आत गेले तेव्हा तन्मय एका कोपऱ्यात उभा होता आणि अप्पा मधोमध. तन्मयने आधी बोलून घेतलं. कंपनी चिडली आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. आत्ता लगेच एक छोटा व्हिडिओ करायचा. मी आणि अप्पा शेजारी बसून सांगायचं, ती गंमत होती, आत्याने हातभार लावला पण शिकवलं बाबांनीच. संध्याकाळच्या आत टाकला तर बँकॉक राहील. नाहीतर माझ्या जागी दुसरा जाईल, त्याचा पासपोर्ट तयार आहे. हे सगळं तो अगदी मऊ आवाजात बोलत होता.

“व्हिडिओ करायचा,” अप्पा म्हणाले.

“मी नाही करणार, अप्पा.”

“भर सभेत मला खोटा ठरवलंस. आणि त्या बाईचं नाव घेतलंस.”

“खरं होतं ते.”

“मी काहीच शिकवलं नाही तुला?”

“शिकवलं की,” मी म्हटलं. “पण गेम नाही शिकवला.”

अप्पांचा हात वर गेला. तो असा कसा जातो, हे मला हजारदा पाहून माहीत होतं. आधी उजवा खांदा मागे जायचा, मग कोपर. मी सव्वीस वर्षांची होते, अंगात ब्लॉकचा टी-शर्ट होता आणि बाहेर अजून माझ्या नावाने शिट्ट्या चालू होत्या. तन्मयने फोनमध्ये डोकं घातलं.

मी हात वर केला नाही. मागेही सरकले नाही. अप्पांकडे बघत राहिले. राग होता, पण भीती नव्हती. ती का नाही, ह्याचंच मला आश्चर्य वाटत होतं. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की हा हात उजवीकडून येणार आणि आला की मी तो धरणार.

अप्पांनाही ते दिसलं असावं. हात तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग त्यांनी तो केसांवरून फिरवला, जणू त्याचसाठी वर नेला होता. जॅकेट सारखं केलं. पडद्यापाशी आत्या उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिच्या शेजारून जाताना अप्पांनी अंग चोरलं आणि बाहेर पडले. तन्मयही त्यांच्या मागे गेला, त्यांना समजावायला.

आत्याने पिशवी टेबलावर ठेवली, त्यातून पाण्याची बाटली काढली आणि मला दिली. मी प्यायले. मग ती म्हणाली, “चल, झालं एकदाचं.”

“काय झालं?”

“काय न्हाई.”

“आत्या.”

ती खुर्चीवर बसली. चष्मा काढून पदराने पुसला. तिला काही सांगायचं असलं की ती आधी चष्मा पुसायची.

“धंद्यासाठी न्हवती काढली वायर,” ती म्हणाली. “तिथं एवढ्या लोकांत काय सांगू? तू पयल्यांदा आलीस तवा सात-आठ वर्षांची असशील. हँडलला हात लावायची न्हाईस. ते हिरवं बटण दोनी अंगठ्यांनी दाबून बसायचीस. तुझा टकल्या तोंडावर हात घेऊन बसलेला, आणि तूबी तशीच, मान आत घेऊन. टाइम संपस्तोवर. समोरची पोरं कंटाळून उठून जायची. आठवतंय?”

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ते बटण कधीकाळी चालत होतं, हेच मला माहीत नव्हतं.

“मला वाटलं, पोरगी भित्री हाय, शिकंल. मग एक दिवस मी पंखा पुसायला हात वर केला. तू शेजारी हुतीस. तू दोनी हात तोंडावर घेतलीस आणि खाली बसलीस. माझ्यापुढं. मी तुला कधी चापट मारली न्हवती.” ती चष्मा पुसत राहिली. “तवा कळलं मला, मल्लू घरात काय करतोय ते.”

मल्लू म्हणजे अप्पा. मल्लिकार्जुन शिंत्रे.

“गेले मी त्याच्याकडं. सांगितलं, पोरीवर हात टाकू नको. म्हणाला, तू माझ्या घरात बोलायची न्हाईस. दार लावून घेतला. त्याला पार्लरचं काय पडलं न्हवतं गं. उलट, महिन्याला उसना मागायला यायचा माझ्याकडं. बोलणं सोडला ते त्या दिवसापासून.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पयली ती वायर कापली.”

मला काय वाटलं ते सांगते. मला कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. मला रागाने रडू फुटलं. त्या लहान पोरीजवळ स्वतःला वाचवायचं एकच बटण होतं आणि ज्या बाईवर तिचा विश्वास होता, तिने ते न विचारता तोडून टाकलं होतं.

“माझ्याकडे तेवढं एकच होतं,” मी म्हटलं.

“म्हणून तर काढलं. ते हाय तोवर तू दुसरं काय शिकणार न्हवतीस.”

“मला विचारायचंस तरी.”

“काय विचारू? घरातला मार मला थांबवता आला न्हाई. दार लावून घेतला होता त्यानं. माझ्या हातात एक मशीन होती. तिथं तरी तू उलटा हात उगारायला शिकावीस, एवढंच मला करता आलं.” तिचा आवाज चढला होता. “महिनाभर नुसती मेलीस. रोज. रडत घरी जायचीस. मला झोप यायची न्हाई. आणि मग एक दिवस त्या कलालाच्या पोराला तू भिंतीला लावून असा हाणलीस, की सगळं पार्लर बघायला उभं राहिलं. मला म्हणालीस, आत्या, तो कशानं मेला ते मी सांगू?”

मी डोळे पुसले. ती माझ्या खांद्यावर हात ठेवायला आली नाही. तिला ते कधी जमलं नाही.

“चूक केली असंल,” ती म्हणाली. “पण परत केली असती.”

पडदा सरकला. तन्मय आला. अप्पा नव्हते, ते रिक्षा करून निघून गेले होते. तन्मयने ते वाईट न वाटून घेता सांगितलं. व्हिडिओ मी एकटीने केला तरी चालेल, असं कंपनीने कळवलं होतं. फक्त अप्पांचं नाव घ्यायचं, एवढीच अट. त्याने फोन आडवा धरला, माझ्या मागचा पडदा सरळ केला, आणि आत्याला म्हणाला, “काकू, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का?”

आत्या उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं, माझ्या शेजारी, फोनच्या समोर. ती माझ्याकडे रागाने बघत होती. तुझी शीट जाईल, असं डोळ्यांनीच सांगत होती.

बँकॉकला दुसरा मुलगा गेला. जाहिरात नव्या चेहऱ्यांनी पुन्हा झाली, टी-शर्ट बंद झाले, आणि पुढची दोन वर्षं मी कुठल्याच संघात नव्हते. अप्पा माझ्याशी पुन्हा बोलले ते फार नंतर, आणि त्यांनी माझ्यावर हात पुन्हा कधीच उचलला नाही. ह्यातलं पुष्कळसं मला तिथे बसल्या-बसल्या दिसत होतं. ते मी थांबवू शकले असते आणि मला थांबवायचं नव्हतं.

तन्मयने बोटाने खूण केली.

“माझं नाव शिवलीला शिंत्रे,” मी म्हटलं. “मला गेम कुणी शिकवला, ते मी मघाशी सांगितलं. ह्या त्या. महानंदा हत्तरकी. मी म्हटलेलं सगळं खरं आहे आणि मी त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. आता पुढचा प्रश्न विचारा.”